हाकोनेचें उष्णोदक

आमच्या शास्त्रकारांनीं स्नानाचा जितका बारीक विचार केला आहे, तितका दुसऱ्या कोणा देशाच्या लोकांनीं केला असेल असें आम्हांस आजवर वाटत नव्हतें. नित्य, नैमित्तिक, काम्य, क्रियांग, मलापकर्षण व क्रियास्नान असे स्नानाचे सहा प्रकार पाठशाळेंत गुरुजींनीं आम्हांकडून पाठ करून घेतले होते, आणि पुढें शाळेंत संस्कृत शिकवितां शिकवितां तेच आम्हीं कित्येक वर्षें मुलांच्या कानांवर घातले. परंतु पाठ असणें वेगळें आणि कळणें वेगळें. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, जपानांतील एका डोंगराच्या पायथ्याशीं, अंगावर जानव्यावांचून दुसरा धागा नसतां, आम्हांस त्या विषयाचा जो पाठ मिळाला, त्याची हकीकत वाचकांस सादर करावी असें मनांत आहे.

आमचे चिरंजीव अकरा वर्षांपासून टोकियो शहरीं संगणकाच्या नोकरींत आहेत. शहराच्या पूर्व अंगास एदोगावा नांवाचा विभाग आहे. त्यांतील निशिकासाई या वस्तींत आपल्या देशांतील मंडळी पुष्कळ राहतात, आणि रस्त्यांत कधीं कधीं चक्क मराठी शब्द कानीं पडून जीव सुखावतो. गेल्या भाद्रपदांत आम्ही उभयतां तेथें तीन महिन्यांच्या मुक्कामास गेलों. वरकरणी हेतु नातवास पाहण्याचा. पण आमच्या मनांत आणखी एक गोष्ट होती, ती आम्हीं कुटुंबासहि स्पष्टपणें बोलून दाखविली नव्हती. चिरंजीवांस एकदां सरळ विचारावें, कीं "बाबा रे, परत केव्हां येणार?" हा एका ओळीचा प्रश्न. पण दोन महिने एका छपराखालीं काढूनहि तो तोंडांतून निघेना. सकाळीं ते घाईंत. रात्रीं दमून आलेले. रविवारीं घरांत नातवाचें राज्य. आणि खरें सांगावयाचें तर, उत्तराची भीति आम्हांसच वाटत होती.

अशांत कार्तिक लागला. सौभाग्यवतीनें घरीं असतांना कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पहाटेचें स्नान कधीं चुकविलें नाहीं. येथें नदी नाहीं, विहीर नाहीं. सातव्या मजल्यावरील घरांत एक हातभर रुंद न्हाणीघर व त्यांत एक टांकी. तेवढ्यांत ती पहाटे उठून नियम चालवी. पण थंडीनें तिचे गुडघे धरले. तें पाहून एके रात्रीं जेवतांना चिरंजीव म्हणाले, "आई, रविवारीं आपण हाकोनेस जाऊं. तेथें ऊन पाण्याचे झरे आहेत. तुझें कार्तिकस्नानहि होईल आणि गुडघ्यांनाहि बरें वाटेल."

ती हरखली. पण पुढची माहिती सूनबाईनें हळूच सांगितली, तेव्हां ताटावरचे हात थांबले. जपानी लोकांच्या या स्नानगृहांत, ज्यांस ते 'ओन्सेन' म्हणतात, पुरुषांची बाजू निराळी व स्त्रियांची निराळी असते हें खरें. पण पाण्यांत उतरतांना अंगावर वस्त्र ठेवण्याची मुभा नाहीं. पंचा नाहीं, लंगोट नाहीं, कांहीं नाहीं.

"हें कांहीं आम्हांस जमावयाचें नाहीं," आम्हीं म्हटलें. "मनूनें चौथ्या अध्यायांत नग्नस्नान स्पष्ट निषिद्ध सांगितलें आहे."

"आणि भागवतांत गोपींचीं वस्त्रें कां नेलीं, तें मी दरवर्षीं ऐकतें," सौभाग्यवती म्हणाली. "त्या निदान यमुनेंत तरी होत्या!"

चिरंजीव हंसले. "नाना, त्या लोकांचा नियमहि शुद्धीसाठींच आहे. अंगावरचें वस्त्र पाण्यांत गेलें तर पाणी विटाळतें, असें ते मानतात. तुम्ही पाहून तर घ्या. नको वाटलें तर कांठावर बसा. आणि आईसाठीं घटकाभर भाड्यानें मिळणारी स्वतंत्र खोली घेऊं. तेथें ती आणि तुमची सूनबाई दोघीच असतील."

वस्त्रामुळें पाणी विटाळतें हा विचार आम्हांस नवीन होता. रात्रभर तो डोक्यांत घोळला. शेवटीं, कांठावर बसण्याच्या अटीवर, आम्हीं होकार दिला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारीं पहाटेच घरांत दिवे लागले. जपानी जेवणाचें एक सांगून ठेवितों: वरून शाकाहारी दिसणाऱ्या कढींतहि माशाचा अर्क असतो, म्हणून दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, तिळाची चटणी व दहींभात असा डबा बरोबर घेतला होता. शिंजुकु स्टेशनांतून हाकोने-युमोतोपर्यंत सुमारे ८८ किलोमीटरांचें अंतर. तें जलद गाडीनें दीड तासाच्या आंत सरलें. 'युमोतो' या शब्दाचा अर्थ ऊन पाण्याचें मूळ. तेथील पहिला झरा इसवी सन ७३८ मध्यें सांपडला अशी परंपरा आहे. गांवाच्या मधून हायाकावा नांवाची नदी खळाळत जाते, आणि या नांवाचा अर्थहि सरळ आहे: वेगवती. अर्थानुसार नांवें ठेवण्याची ही रीत पाहून आमच्यांतील मास्तर सुखावला.

युमोतोहून डोंगर चढणारी लहानशी आगगाडी १९१९ सालीं सुरू झाली. लांबी जेमतेम ८.९ किलोमीटर, पण साडेबारा मीटर पुढें जातांना एक मीटर वर चढावें इतका तिचा चढ. तीन ठिकाणीं रूळ डोंगराला अडून संपतात. तेथें गाडी थांबते, चालक आणि गार्ड खालीं उतरून फलाटावरून चालत एकमेकांच्या जागा घेतात, आणि शेपटाचें तोंड होऊन गाडी उलट दिशेनें वर निघते. आमच्या बोरघाटांतहि पूर्वीं असेंच एक उलटें स्टेशन होतें, असें आम्हीं नातवास सांगितलें. ऑक्टोबर २०१९ च्या मोठ्या वादळांत या मार्गाचे रूळ व पूल वाहून गेले होते. पुढील जुलैपर्यंत, म्हणजे नऊ महिन्यांत, तो पुन्हां चालू झाला. दोन्ही बाजूंस मेपलची झाडें तांबड्या-केशरी पानांनीं पेटल्यासारखीं दिसत होतीं.

नातू सहा वर्षांचा. तो खिडकीशीं बसून शाळेंतला पाठ म्हणत होता: "अ, इ, उ, ए, ओ, क, कि, कु, के, को..." आम्ही आधीं नुसते कौतुकानें ऐकत होतों. मग एकाएकीं कान टवकारले. क नंतर स, मग त, न, ह, म, य, र, व! वाचकहो, हा क्रम कोणाचा? आमच्याच वर्णमालेचा! चिरंजीवांस विचारलें, तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, जपानी बौद्ध भिक्षु सिद्धम् लिपींतून संस्कृत वर्ण शिकत असत, आणि त्यांच्या त्या अभ्यासांतून जपानी अक्षरांची ही मांडणी निघाली. आज जी ह ची ओळ आहे, तिचा उच्चार पूर्वीं प सारखा होता असें विद्वान् मानतात. म्हणूनच ती न व म यांच्या मधें, पवर्गाच्या जागीं बसली आहे. आमच्या पाणिनीय डोक्याला याहून गोड खाऊ दुसरा कोणता? आम्हीं नातवास म्हटलें, "आतां आजोबांची म्हण: क, ख, ग, घ." तो ख पर्यंत आला आणि अडखळला. ख, घ हे उच्चार त्याच्या जिभेस सवयीचे राहिले नव्हते. आम्ही हंसलों, पण तें अडखळणें मनांत कोठें तरी रुतून बसलें.

गोरा येथें गाडी बदलून दोरानें ओढल्या जाणाऱ्या डब्यांतून, व पुढें आकाशांतून लोंबकळत जाणाऱ्या पाळण्यांतून ओवाकुदानीच्या दरींत पोंचलों. समुद्रसपाटीपासून सुमारे १०४४ मीटर उंचीचें हें ठिकाण. डोंगराची कड ओलांडतांच खालीं एकदम उजाड, पिंवळी-करडी दरी उघडली. जागोजाग जमिनींतून वाफेचे लोट निघत होते, आणि गंधकाचा उग्र दर्प नाकांत शिरला. पलीकडे निरभ्र आकाशांत ३७७६ मीटर उंचीचा फूजी पर्वत, माथ्यावर नवें बर्फ घेऊन, शांतपणें उभा होता. एकाच दृष्टिक्षेपांत कैलास आणि रौरव! सौभाग्यवतीनें दोन्हीकडे हात जोडले.

रौरव हा शब्द आम्हीं उगीच योजिला नाहीं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीं हाकोनेच्या ज्वालामुखीचा स्फोट होऊन ही दरी झाली, आणि लोक तिला नरकाची दरीच म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मेजी बादशहांच्या भेटीच्या निमित्तानें तें अभद्र नांव बदलून 'ओवाकुदानी', म्हणजे मोठी उकळती दरी, असें ठेविलें. ज्वालामुखी अद्याप विझलेला नाहीं. २०१५ च्या जूनअखेरीस येथें लहानसा स्फोट झाला; प्रवाशांस बंद केलेली दरी जुलै २०१६ मध्यें पुन्हां उघडली.

येथें एक प्रसिद्ध खाद्य विकतात: काळीं अंडीं. दरींतील ऊन पाण्यांत अंडें तासभर उकडलें म्हणजे पाण्यांतील लोखंड त्याच्या सच्छिद्र कवचावर बसतें, गंधकाच्या वायूशीं त्याचा संयोग होतो, आणि कवच डांबरासारखें काळें होतें. आंतील अंडें मात्र नेहमींसारखेंच. एक अंडें खाल्लें कीं सात वर्षें आयुष्य वाढतें, अशी तेथील समजूत आहे. आम्ही अंडें खात नाहीं. नातवानें मात्र हट्ट धरला. सूनबाईनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं फूजी पर्वताकडे पाहिलें. सात वर्षांचा हिशेब त्याच्या खात्यावर जमा झाला, आणि त्याबद्दल आमची मुळींच तक्रार नाहीं.

त्या अंड्यांच्या दुकानाजवळच एका लहान देवळांत जिझोची मूर्ति आहे. जिझो म्हणजे आपला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. नांवाचें चिनी अक्षरांत केलेलें शब्दशः भाषांतर. मुलांचा व प्रवाशांचा तो रक्षणकर्ता, आणि येथील जिझो विशेषेंकरून आयुष्य वाढविणारा. ही मूर्ति कोबो दाइशी यांनीं कोरली अशी आख्यायिका आहे. कोबो दाइशी म्हणजे कूकाइ. ते इसवी सन ८०४ मध्यें चीनला गेले, आणि ८०६ मध्यें मंत्रविद्येबरोबरच सिद्धम् अक्षरांचें ज्ञानहि घेऊन परतले. गाडींत ऐकलेल्या अक्षरांची आणि या देवाची गांठ अशी एका पुरुषापाशीं पडली. आम्हीं तेथें नमस्कार केला; नातवानेंहि, दोनदां टाळी वाजवून, त्याच्या रीतीनें केला. टाळी शिंतो देवळांत वाजवितात, बुद्धाच्या देवळांत नव्हे, असें चिरंजीवांनीं त्यास समजाविलें. परक्या देशाचा देवाचार आमचे चिरंजीव आमच्या नातवास शिकवीत होते, आणि तो बारकाईनें ऐकत होता.

पाळण्यांतून दूरवर एक निळें सरोवर दिसलें. त्याच्या कांठीं जुन्या राजमार्गावर १६१९ सालीं चौकी बसविली होती. राजधानींत ओलीस ठेवलेल्या सरदारांच्या बायकांनीं बाहेर निसटूं नये, म्हणून तेथें झडती होई. १८६९ मध्यें ती बंद झाली. "आतां कोणी कोणास अडवीत नाहीं," चिरंजीव म्हणाले. बोलण्याच्या ओघांत निघालेलें वाक्य. पण म्हणतांना त्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं.

दुपारीं युमोतोस परतून नदीकांठच्या बांकावर डबा सोडला, आणि मग स्नानगृहाकडे वळलों. जातांना आमच्या कोंकणची आठवण येणें अपरिहार्य होतें. आमचें मूळ गांव संगमेश्वराजवळ. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशीं ऊन पाण्याच्या झऱ्यांची रांगच लागली आहे. उन्हवऱ्याचें पाणी तर सुमारे सत्तर अंशांपर्यंत तापलेलें असतें. पण तेथें ज्वालामुखी नाहीं. पावसाचें पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतें, भूगर्भाच्या स्वाभाविक उष्णतेनें तापतें आणि दुसऱ्या भेगेनें वर येतें. जपानांत मात्र समुद्राचा तळ भूमीखालीं सरकत असल्यानें खडक वितळतो, आणि त्या अग्नीवर पाणी तापतें. त्यामुळें त्या देशांत उष्णोदकाचे सुमारे सत्तावीस हजार उगम आहेत. १९४८ सालचा त्यांचा कायदाच आहे, कीं उगमापाशीं ज्या पाण्याची उष्णता २५ अंशांहून कमी नाहीं, किंवा ज्यांत ठरविलेल्या १९ द्रव्यांपैकीं एखादें ठरावीक प्रमाणांत आहे, त्यालाच ओन्सेन म्हणावें.

आमच्या घरापासून जवळचें कुंड तुरळचें. मॅट्रिक झाल्यावर पाठशाळेसाठीं आम्हीं गांव सोडलें, त्याच्या आदल्या दिवशीं वडील आम्हांस तेथें घेऊन गेले होते. ते मितभाषी. कुंडावर बसवून त्यांनीं आमची पाठ चोळून दिली. आम्हांस वाटत होतें, आतां ते कांहीं उपदेश करतील, निदान केव्हां परत येशील असें विचारतील. ते एवढेंच म्हणाले, "पाणी चांगलें आहे." पुढें आम्हांस घांटावर शाळेंत नोकरी लागली; गांवीं जाणें गणपति-शिमग्यापुरतें उरलें; शेत चुलतभावानें पाहिलें. वडिलांनीं तो प्रश्न शेवटपर्यंत विचारला नाहीं.

स्नानगृहाच्या दारांत पादत्राणें फडताळांत ठेवून आंत गेलों. स्त्रियांच्या बाजूस तांबडा पडदा, पुरुषांच्या बाजूस निळा, दोहोंवरहि 'यु' म्हणजे ऊन पाणी हें एकच अक्षर. सौभाग्यवती व सूनबाई आपल्या स्वतंत्र खोलीकडे गेल्या. आंत वेताच्या टोपल्यांत कपडे ठेवावयाचे. चिरंजीव व नातू क्षणांत मोकळे झाले. आम्ही धोतराची गांठ हातांत धरून उभे. चाळीस वर्षांच्या मुलापुढें बापानें असें उभें राहावें, हें कसें घडावें? पण भोंवतालीं पाहिलें तों आमच्याहून वृद्ध दहा-बारा गृहस्थ अगदीं सहजपणें वावरत होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हतें. त्या न पाहण्यांत मोठी सभ्यता होती. नातू म्हणाला, "आजोबा, लवकर!" आम्हीं डोळे मिटून गांठ सोडली. कांठावर बसण्याची अट कोठल्या कोठें गेली.

तेव्हां आमची दृष्टि चिरंजीवांच्या खांद्यावर गेली. तो मोकळा होता. त्यांची मुंज आम्हींच, कर्ज काढून, आठव्या वर्षीं लाविली होती. चिरंजीवांनीं आमची दृष्टि कोठें गेली तें पाहिलें; आम्हीं तें पाहिलें हेंहि त्यांनीं पाहिलें. आम्ही दोघेहि कांहीं बोललों नाहीं.

पाण्यांत थेट उतरावयाचें नाहीं. आधीं भिंतीशीं ओळीनें मांडलेल्या लहान लांकडी बैठकीवर बसून, साबण लावून, अंग घासून, बादलीनें स्वच्छ धुवावयाचें. फेंसाचा थेंब अंगावर राहतां उपयोगी नाहीं. मगच कुंडांत पाय घालावयाचा. लहानसा पंचा मिळतो तो घडी करून डोक्यावर ठेवितात, पण पाण्यास लागूं देत नाहींत. पोहावयाचें नाहीं, आरडाओरड करावयाची नाहीं. हें सारें पाहून आम्ही थक्क झालों. मळ घालविण्याचें मलापकर्षण स्नान निराळें, आणि नंतरचें पवित्र स्नान निराळें. तीर्थांत मळ धुवूं नये, हें आमच्याच ग्रंथांतलें! आम्हीं तें पाठ केलें, आणि आमच्या नद्यांच्या घांटांवर साबणाचा फेंस पसरतांना उघड्या डोळ्यांनीं पाहत राहिलों. या लोकांनीं तो नियम पाठ केला नाहीं, पाळला.

बैठकीवर बसलों असतां पाठीवर हात फिरला. चिरंजीव मागें बसून आमची पाठ चोळीत होते. मुलानें बापाची पाठ धुणें हें येथील प्रेमाचें लक्षण समजतात, असें मागाहून कळलें. त्यांनीं जानवें हळूच बाजूस सारलें, पाठ चोळली, जानव्यासहि साबण लावून तें धुतलें, आणि पुन्हां जागच्या जागीं ठेविलें. नातू त्यांच्या पाठीशीं बसून बापाची पाठ चोळीत होता. अशी तीन पिढ्यांची ओळ लागली होती.

बाहेर मोकळ्या आकाशाखालीं दगडी कुंड होतें. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचें, नितळ. वाफेंतून मेपलचीं पानें गळून तरंगत होतीं. पाण्यांत एक वृद्ध जपानी गृहस्थ गळ्यापर्यंत बसले होते. त्यांची नजर क्षणभर आमच्या जानव्यावर थांबली. वस्त्र चालत नाहीं तेथें धागा चालेल काय, या विचारानें आमचा हात त्यावर गेला. गृहस्थांनीं नम्रपणें चिरंजीवांस कांहीं विचारलें. चिरंजीवांनीं उत्तर दिलें. तें ऐकतांच त्या वृद्धांनीं आमच्याकडे मान लववून अभिवादन केलें आणि बाजूस सरून जागा करून दिली.

"काय सांगितलेंस त्यांना?" आम्हीं विचारलें.

"मी म्हटलें, हें माझ्या वडिलांचें व्रत आहे. आठव्या वर्षीं घेतलेलें. तें त्यांनीं एक दिवसहि उतरविलेलें नाहीं."

थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. ऊन पाण्यानें अंग सैल झालें, कीं मनाच्याहि गांठी सैल होतात कीं काय कोण जाणे. चिरंजीव पाण्याकडे पाहत म्हणाले, "नाना, एक गोष्ट तुम्हांला सांगावयाची राहिली आहे. येथें दहा वर्षें झालीं म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना मागतां येतो. मीं उन्हाळ्यांत अर्ज केला. पत्रांत लिहावयाचें धैर्य झालें नाहीं. तुम्ही आलांत तेव्हांपासून रोज ठरवितों, आणि रोज राहतें."

म्हणजे दोन महिने आम्ही जो प्रश्न घेऊन हिंडत होतों, त्याचें उत्तर घेऊन तेहि तसेच हिंडत होते! आमच्या मनांत पुष्कळ वाक्यें तयार होतीं. मातृभूमि, वृद्ध आईबाप, गांवचें घर, नातवाची भाषा. हीं सारीं प्रौढ भाषेंत रचून ठेविलेलीं होतीं. पण तोंड उघडण्यापूर्वीं तुरळचें कुंड डोळ्यांपुढें उभें राहिलें. आमच्या वडिलांनाहि अशीं वाक्यें सुचलीं नसतील काय? गांव सोडलेल्या मुलानें गांव सोडणाऱ्या मुलास कोणत्या तोंडानें बोल लावावा? त्या दिवशीं ते कांहीं बोलले नाहींत असें आम्ही आयुष्यभर समजत आलों. ते बोलले होते. आम्हांस ऐकूं आलें नव्हतें.

आम्हीं म्हटलें, "पाणी चांगलें आहे."

चिरंजीवांनीं चमकून आमच्याकडे पाहिलें. तुरळची गोष्ट त्यांस ठाऊक होती. लहानपणीं आम्हींच कितीदां तरी सांगितली होती. त्यांनीं ओंजळींत पाणी घेऊन तोंडावर मारलें, तें बराच वेळ मारीत राहिले. आम्ही मेपलच्या झाडाकडे पाहत बसलों. त्या देशांतील न पाहण्याची सभ्यता आम्ही तेवढ्यांत शिकलों होतों.

मन एका क्षणांत निवलें, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. परतल्यावर त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. मोकळा खांदा आणि तो परवाना, दोन्ही पुन्हां पुन्हां डोळ्यांपुढें येत. अद्यापहि येतात. गांवच्या घराचें पुढें काय, हा प्रश्न तसाच आहे. पण जें आम्हांस तोडून टाकील अशी भीति होती, तें एकदां बोलून झालें. आणि बोलल्यावरहि पाठ चोळणारा हात तोच होता, एवढें खरें.

बाहेर येऊन पाहतों तों सौभाग्यवती बांकावर बसून नातवाच्या टोपरीस गांठ मारीत होती. तिचा चेहरा तुकतुकीत दिसत होता. "झालें का कार्तिकस्नान?" आम्हीं विचारलें.

"झालें," ती म्हणाली. "सूनबाईनें गुडघे चोळून दिले. माझ्या आईनंतर मला कोणी न्हाऊं घातलें नव्हतें." वस्त्राचें काय केलें, हें आम्हीं विचारलें नाहीं, तिनें सांगितलें नाहीं.

जपानांत एक जुनी कथा सांगतात. आठव्या शतकांत कोम्यो नांवाची सम्राज्ञी होती. एक हजार लोकांस आपल्या हातांनीं न्हाऊं घालीन असा तिनें नवस केला होता, आणि शेवटच्या रोग्याच्या रूपानें साक्षात् बुद्धच आले. बुद्ध आमच्या न्हाणींत आले नाहींत. पण एकानें दुसऱ्याचें अंग धुणें हेंहि एक स्नानच, आणि तें आमच्या सहांच्या यादींत कोठें बसवावें, याचा निर्णय आम्ही विद्वानांवर सोंपवितों.

परतीच्या गाडींत अंधार पडला होता. नातू आमच्या मांडीवर डोकें ठेवून आडवा झाला. "आजोबा, तुमच्या गळ्यांत तो दोरा कां?" त्यानें अर्धवट झोंपेंत विचारलें. आम्हीं उत्तर देण्यापूर्वींच समोरून चिरंजीव म्हणाले, "उद्यां सांगतों तुला. मीहि घातला होता." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "नाना, अजून पंधरा दिवस आहांत. याची बाराखडी तेवढी पुरी करून घ्या. मला ख आणि घ शिकवितां येत नाहींत."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या मेजावर आमची शाळा पुन्हां भरूं लागली. निघण्याच्या दिवशीं विमानतळावर नातवानें आम्हांस एक कागद दिला. त्यावर एका बाजूस त्यानें जपानी अक्षरें काढलीं होतीं, आणि दुसऱ्या बाजूस, अंमळ वांकडा, पण पाय मोडलेला नव्हे असा, एक ठसठशीत घ.